मूठ कोणाची, पाते कोणाचे?

कोल्हापूरच्या एका आखाड्यात मर्दानी खेळ शिकणारा एक मुलगा गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्कशॉपमध्ये आला. पिशवीत पाच सुरे होते. जुन्या वळणाचे, फेकून मारायचे, तयार विकत घेतलेले. फेकलेला सुरा फळीत रुततो तेव्हा सगळा हिसका मुठीला बसतो. रिव्हेटने बसवलेल्या लाकडी पट्ट्या त्या हिसक्याने चिरफळल्या होत्या. त्याला नव्या मुठी हव्या होत्या, स्वतःच्या हाताच्या मापाच्या. मी म्हणालो, लाकूड नकोच. पोलाद तसेच ठेवून त्यावर मेणवलेली दोरी आवळून गुंडाळ, म्हणजे फुटायला काही उरत नाही आणि मूठ जड होऊन सुऱ्याचा तोलही सरकत नाही. हे बोलणे चालू असताना त्याने विचारले, “काका, आमच्यातली काही पोरं म्हणतात, जुन्या नमुन्याच्या हत्याराची मूठ बदलली की ते खोटं होतं. खरं आहे का हे?”

या प्रश्नाचे उत्तर मी पूर्वी एकदा दिले होते. १९९८ साली, माण तालुक्यातल्या एका गावात, खंडेनवमीच्या दिवशी. ते उत्तर चुकीचे होते. त्याची किंमत मला नाही, दुसऱ्यांना मोजावी लागली. म्हणून हा लेख.

आधी माझ्याविषयी दोन शब्द. मी व्यवसायाने संशोधक नाही. आयटीआयमधून टर्नरचा कोर्स करून इचलकरंजीत यंत्रमागांचे सुटे भाग बनवण्याचा धंदा करतो. शस्त्रांचा नाद लागला तो रद्दीच्या दुकानात मिळालेल्या एका जुन्या कॅटलॉगमुळे. पुढे एगर्टनचे १८८० सालचे भारतीय शस्त्रांवरचे पुस्तक, मग डॉ. जी. एन. पंत यांचे खंड, असे जमेल तसे इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरायचे, देवघरात, माळ्यावर, भिंतीवर असलेली शस्त्रे पाहायची, मापे घ्यायची, वहीत लिहायची. व्हर्निअर खिशात असेच.

त्या घरातले आबा तेव्हा ऐंशीच्या घरात होते. लाल आलवणात गुंडाळलेली तलवार त्यांनी पाटावर ठेवली. हळदकुंकू वाहिलेले, झेंडूची माळ. “पाव्हणं, आमच्या पणज्याच्या बानं ही चालिवली. कुटं चालिवली ते इचारू नगा, पर चालिवली.” सरळ, लांब, एकधारी पाते. पन्हळीत तीन पुसट ठसे, परकी अक्षरे वाटावीत असे. मूठ मात्र नेहमीच्या तलवारीची, चांदीच्या तारेची वेलबुट्टी असलेली, पात्याच्या मानाने अगदीच नवी. आणि मुठीच्या खाली चार बोटांवर पात्याला आरपार दोन भोके, लोखंडाने बुजवून घासून सपाट केलेली. मी लेथवाला. बुजवलेले भोक माझ्या नजरेतून सुटत नाही. दोन्ही भोकांच्या मध्यांमधले अंतर मोजून मी वहीत मांडले : ४१ मिलिमीटर.

आणि मग, वय वर्षे एकोणतीस, दोन पुस्तके वाचलेल्या माणसाच्या आत्मविश्वासाने मी बोललो. “आबा, पातं विलायती आहे. मूठ शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडची नाही. भोकं बघा, हे पातं आधी दुसऱ्याच कशात तरी बसवलेलं होतं. कुणीतरी सुटे भाग जोडून विकलेली दिसते.”

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तलवार आलवणात गुंडाळली. “म्हंजे ही आमची न्हवं,” एवढेच म्हणाले. मी चहा पिऊन निघालो.

माझी चूक ठशांबद्दल नव्हती, मुठीच्या वयाबद्दलही नव्हती. चूक अशी की, शस्त्र ही एक वस्तू असते, तिला नाण्यासारखी एकच जन्मतारीख असते, असे मी गृहीत धरले होते. आपल्याकडची तलवार मुळात तशी बनतच नाही.

युरोपातल्या तलवारीची शेपटी, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा निमुळता भाग, मुठीतून आरपार जाते आणि माथ्याच्या गोळ्याबाहेर हातोड्याने ठोकून पसरवलेली असते. मूठ काढायची तर ते ठोकलेले डोके कापावे लागते. आपल्या तलवारीची मूठ लोखंडी आणि पोकळ. बहुतेक मुठी दोन अर्ध्या भागांत घडवून मग डाक देऊन जोडलेल्या असतात, निरखून पाहिले तर सांधा दिसतो. पात्याची शेपटी आखूड असते, ती मुठीच्या माथ्यापर्यंत पोचतही नाही. पोकळीत लाख किंवा राळ आणि विटेची बारीक पूड यांचे मिश्रण भरायचे, शेपटी तापवून आत दाबायची, सरळ रेषेत धरून थंड होऊ द्यायची. झाले. आपल्या घरातल्या पोकळ सोन्याच्या दागिन्यांत सोनार लाख भरतो, त्याच जातीचे हे काम. ना खिळा, ना स्क्रू.

ही पद्धत कच्ची आहे असे वाटेल. मलाही वाटे. एका मोडक्या मुठीवर आणि भंगारातल्या पट्टीवर मी स्वतः करून पाहिले. पहिल्यांदा लाख जास्त तापून उकळली, बुडबुडे राहिले आणि मूठ खुळखुळ वाजायला लागली. दुसऱ्यांदा विटेची पूड कमी पडली. तिसऱ्या खेपेला जी बसली ती बाकात धरून ओढली तरी हलली नाही. लाख गच्च धरते आणि वर किंचित दणका पचवते. पण तिचा खरा गुण वेगळाच. मूठ विस्तवावर धरली की लाख मऊ होते आणि पाते हातात येते, मूठ शाबूत, पातेही शाबूत. म्हणजे ज्या कारागिराने ही पद्धत वापरली त्याने हे दोन भाग पुढेमागे वेगळे होणार हे धरूनच चालले होते.

आणि वेगळे व्हायची कारणे पुष्कळ. पाते मोडते, मूठ राहते. मूठ गंजते, पाते राहते. मुलगा बापापेक्षा थोराड निघतो. तलवारीची मूठ आज हातात घेणारा प्रत्येक जण म्हणतो, “केवढीशी ही, पूर्वीच्या लोकांचे हात लहान होते वाटतं.” हात लहान नव्हते. पकडच वेगळी होती. तर्जनी आडव्या दांडीवरून पुढे पात्याच्या मुळाशी अडकवायची, उरलेली तीन बोटे मुठीत. जुन्या चित्रांत ही पकड दिसते. माथ्यावरची रुंद चकती मनगटाला मागून अडवते, त्यामुळे हाताची तलवारबाजी भोसकण्याची न राहता ओढून कापण्याची होते. मूठ म्हणजे नुसता धरायचा दांडा नाही, पाते कसे चालवायचे तेच मूठ ठरवते. तेच पाते खांड्याच्या मुठीत घाला : रुंद पत्र्याचे कवच, बोटांवर आडवी येणारी परज, आत कापडाची गादी, आणि माथ्यावर गजासारखा काटा. त्या काट्यावर दुसरा हात टेकून दोन हातांनी वार करता येतो. आणखी पुढे जाऊन ते पाते पट्ट्याच्या खोबणीत घाला, तर कोपरापर्यंत हात लोखंडात जातो, मूठ आत आडवी येते, मनगट वळणे बंद होते आणि सगळा खेळ खांद्यातून आणि कमरेतून होऊ लागतो. पाते एकच, शस्त्रे तीन.

आता पात्यांविषयी. १५१० मध्ये पोर्तुगीज गोव्यात बसले आणि पश्चिम किनाऱ्यावर युरोपातली पाती येऊ लागली. जर्मनीतले झोलिंगेन आणि पासाऊ, उत्तर इटलीतली गावे, स्पेनमधले टोलेडो. माल येई तो बराचसा सुट्या पात्यांचा, मुठी इथे चढत. आपल्याकडे पोलाद नव्हते असे नाही. दख्खनचे पोलाद इराणपर्यंत जाई आणि त्याच्या धारेची ख्याती होती. पण लांब, सरळ, पातळ आणि वाकवले तर परत सरळ होणारे पाते युरोपातले कारखाने मोठ्या संख्येने बनवत होते, आणि पट्टा, खांडा, धोप यांना नेमके तसेच पाते लागे. मराठीत अशा तलवारीला शब्दच मिळाला, फिरंग. छत्रपती शिवाजी महाराजांनी सावंतांकडून तीनशे होनांना फिरंग घेतल्याची कथा बखरींतून येते. कथेची छाननी इतिहासकारांनी करावी. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की, सांगणाऱ्याला पाते फिरंगी असण्यात कमीपणा वाटत नाही. उलट तोच त्याचा दिमाख आहे.

त्या दिमाखामुळे आणखी एक गोष्ट घडली, जी मला १९९८ साली ठाऊक नव्हती. युरोपातल्या पेढ्यांचे ठसे इथले लोहारही आपल्या पात्यांवर उठवू लागले. धावता लांडगा, अर्धचंद्रासारख्या दातेरी रेघा, लॅटिन अक्षरांच्या ओळी. अक्षरे न येणाऱ्याने कोरलेली अक्षरे ओळखू येतात, पण नेहमीच नाही. तेव्हा परका ठसा दिसला म्हणजे पाते परके, हेही खात्रीने म्हणता येत नाही. आबांच्या तलवारीवरचे ठसे मी भिंगाखाली पाहिलेसुद्धा नव्हते.

माझे डोळे उघडले ते २००९ साली चेन्नईत, एका यंत्रप्रदर्शनाच्या निमित्ताने गेलो असताना. एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात तंजावरच्या शस्त्रागारातली हत्यारे आहेत. तंजावर म्हणजे आपल्या भोसल्यांचे. १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी घेतले, १८५५ मध्ये वारस नाही म्हणून संस्थान बुडाले. पुढच्या दशकात तिथले शस्त्रागार मोडीत निघाले. निवडक वस्तू मद्रासच्या संग्रहालयात गेल्या, उरलेले पुष्कळसे लोखंडाच्या भावाने गेले. संग्रहालयातल्या कट्यारी नायक राजांच्या काळात घडलेल्या असाव्यात, भोसल्यांकडे त्या वारशाने आल्या. त्यांच्या मुठींवर याळी आहेत, पोपट आहेत, पाने आहेत, बोटांवर नागफणीसारखे कवच आहे. मीनाक्षीच्या मंडपातून उचलून आणावे असे नक्षीकाम. आणि त्यात बसवलेली पाती? अनेकांची युरोपियन. लांब तलवारीचे पाते कापून त्याचा तुकडा मुठीतून खाली उतरणाऱ्या दोन नक्षीदार पट्ट्यांमध्ये धरलेला आणि आरपार रिव्हेट मारलेले.

मी त्या काचेसमोर किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. आरपार रिव्हेट. पट्ट्या. मुठीच्या खाली चार बोटांवर.

खांड्याच्या आणि पट्ट्याच्या मुठीलाही अशाच पट्ट्या असतात. पातळ लवचिक पाते मुळाशी वाकू नये म्हणून त्या दोन्ही अंगांनी खाली येतात आणि पात्याला भोके पाडून रिव्हेटने जखडतात. पुढे कोणी ती मूठ उतरवून साधी तलवारीची चढवली की पात्यावर काय उरेल? दोन भोके. नेटका कारागीर ती बुजवून घासून टाकेल. जे मी जोडाजोडीच्या फसवणुकीचा पुरावा म्हणून आबांना दाखवले होते, ती त्या तलवारीच्या पूर्वायुष्याची साक्ष होती. ती खांडा किंवा फिरंग म्हणून लढली होती, आणि नंतर कोणीतरी तिला दरबारी मूठ चढवली होती.

कोणी? त्याचे उत्तर शोधताना मी शिकलगारांकडे वळलो. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तलवार गाजवणारे असतात, तिला मूठ बसवणारे नसतात. शिकलगार पात्याला धार देई, पाणी चढवी, गंज उतरवी, लाख भरून मुठी बसवी. म्यानाचे लाकूड, त्यावरचे कातडे किंवा मखमल, म्यानाच्या तोंडाची आणि तळाची धातूची टोपणे, लोखंडावर उभ्याआडव्या बारीक चरांनी खरखरीतपणा आणून त्यात सोन्याचांदीची तार ठोकायची कोफ्तगरी, हे सगळे याच वर्तुळातले कसब. १८१८ नंतर लढाया थांबल्या. १८७८ च्या शस्त्र कायद्याने तर तलवार बाळगणेच परवान्याचे काम झाले. मधल्या काळात ज्यांच्याकडे जुनी हत्यारे होती त्यांनी ती मिरवण्याजोगी करून घेतली, आणि शिकलगारांचे शेवटचे बरेचसे काम अशाच मुठी बदलण्याचे असावे असे मी पाहिलेल्या शस्त्रांवरून माझे मत झाले आहे. मिरजेचे उदाहरण तर सर्वांना माहीत असायला हवे. शस्त्रांचे काम आटल्यावर तिथल्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी १८५० च्या सुमारास, पटवर्धनांच्या आश्रयाखाली, तंतुवाद्ये बनवायला घेतली. आज ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यांची सुरुवात ही अशी. तलवारीची मूठ हाताला बसवणाऱ्या कुटुंबांनी तंबोऱ्याचा भोपळा गळ्याला, म्हणजे गाणाऱ्याच्या गळ्याला, बसवला. एका कारखान्यात मी एका वयस्क कारागिराला लाखेबद्दल विचारले. ते हसले. “लाख आमची जुनी मैत्रीण,” म्हणाले.

मुठींबद्दल आपण किती हळवे आणि तरी किती बेफिकीर आहोत याचे मोठे उदाहरण लंडनमध्ये आहे. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आला तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपतींकडून त्याला मिळालेली, शिवाजी महाराजांची म्हणून नोंदलेली तलवार तिथल्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. १९८० च्या सुमारास अंतुले मुख्यमंत्री असताना ‘भवानी’ परत आणण्याची मोठी चर्चा झाली, आणि ती हीच का, हा वादही तेव्हापासून चालू आहे. या तलवारीचे पाते युरोपियन आहे, त्यावर ‘आय एच एस’ ही ख्रिस्ती अक्षरे आहेत. मूठ देशी, हिऱ्यामाणकांनी मढवलेली. चर्चेत एक पक्ष म्हणतो, ख्रिस्ती अक्षरांचे पाते महाराजांचे कसे असेल. दुसरा म्हणतो, रत्नजडित मूठ रणातली कशी असेल. दोघेही माझ्यासारखेच बोलत आहेत, १९९८ सालच्या. फिरंगी पाते सतराव्या शतकातल्या मराठ्याच्या हाती असणे हे नवल नाही, आणि आदराच्या वस्तूला नंतरच्या पिढीने रत्ने जडवणे हेही नवल नाही. ती तलवार महाराजांचीच असे मी म्हणत नाही. ती नाही म्हणायला ही दोन कारणे पुरत नाहीत, एवढेच म्हणतो. संग्रहालयांच्या पाट्यांवर आजही एकच शतक लिहिलेले असते. पात्याचे वेगळे, मुठीचे वेगळे, म्यानाचे वेगळे, अशा तीन ओळी लिहायला जागा लागते किती?

चेन्नईहून परतल्यावर तीन महिन्यांनी मी माणमध्ये गेलो. आबा २००३ सालीच गेले होते. थोरल्या मुलाने ओळखले. तलवार दिसेना म्हणून विचारले, तर तो सहज म्हणाला, “ती व्हय? इकली की. पुण्याचा एकजण आलता. तुमीच म्हनला हुता नव्हं, आमची न्हाई म्हनून. आबा गेल्यावर कशाला ठिवायची?” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर बरे झाले असते.

मी त्याला सगळे सांगितले. भोके, पट्ट्या, लाख, तंजावर. त्याने ऐकून घेतले. त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली, माळ्यावर काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, आणि ती एक गंजलेले लोखंड घेऊन बाहेर आली. सासूबाई कणगीच्या झाकणावर वजन म्हणून ते ठेवायच्या, असे म्हणाली. ती खांड्याची मूठ होती. परज एका बाजूने तुटलेली, माथ्यावरचा काटा वाकलेला, कवचाच्या आत कुजलेल्या कापडाचे दोन धागे. पोकळीत काळी लाख अजून चिकटलेली, आणि लाखेत चपट्या शेपटीचा साचा उमटलेला. खाली दोन पट्ट्या, प्रत्येकीला दोन भोके.

मी व्हर्निअर लावला. एकेचाळीस. वही उघडून अकरा वर्षांपूर्वीचे पान काढले आणि त्या दोघांपुढे ठेवले. मुलगा आकड्याकडे पाहत राहिला.

म्हणजे मूठ त्याच घरात बदलली होती. कुठल्या दुकानात सुटे भाग जोडून ती तलवार त्या घरी आलेली नव्हती. आबांच्या कुठल्यातरी पूर्वजाने फिरंग बाळगली, तिचा खांडा झिजल्यावर दुसऱ्या कोणी तिला मिरवायची मूठ चढवली, आणि जुनी मूठ टाकवेना म्हणून माळ्यावर ठेवली. पुण्याच्या त्या गृहस्थाचा मी पुढे दोन वर्षे माग काढला. एका जुन्या बाजारातल्या दुकानापर्यंत पोचलो, पुढचा रस्ता बंद होता.

आखाड्यातल्या मुलाला मी हे सगळे सांगितले नाही. त्याच्या सुऱ्यांना दोऱ्या गुंडाळून दिल्या आणि आपल्याकडे हत्याराची मूठ बदलत आली आहे, बिनधास्त बदल, एवढे सांगितले.

माणच्या घरी मी आता दर खंडेनवमीला जातो. पाटावर ती गंजकी मूठ असते, तिच्यावर हळदकुंकू, झेंडू. पहिल्या वर्षी त्या बाईंनी ती पाटावर ठेवण्याआधी माझ्याकडे पाहिले होते. “ही तरी आमची हाय ना?” मी हो म्हणालो. आतली लाख खरवडू नका आणि चुलीजवळ ठेवू नका, असेही सांगितले.